पन्नास दिवसांची भेंडी, पाच महिन्यांचा कांदा



बियाण्याच्या पाकिटावर दिवस छापलेले असतात. मेथी ३०, भेंडी ५०, टोमॅटो ६५. हे आकडे वाचून कोरडवाहू माणसाला मोह होतो, आणि व्हायलाच हवा. मृगात कापूस टोबला तर पहिली वेचणी दसरा-दिवाळीला. मधले चार महिने घर चालतं ते दुकानदाराच्या वहीवर. शाळेची फी, युरियाचं पोतं, खुरपणीची मजुरी, पोळ्याचा साज असा खर्च रोज दारात उभा, आणि रानातून एक पैसा येत नाही. जूनच्या वीस तारखेला टोबलेली भेंडी मात्र ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात तोडायला येते. चार ओळींची का असेना, ती वहीतली उधारी थोडी कमी करते.

पण हे दिवस कुठून मोजायचे, ते पाकीट नीट सांगत नाही. मेथी, भेंडी, गवार, चवळी यांचे दिवस बी जमिनीत पडल्यापासून. टोमॅटो, वांगी, मिरची, कांदा यांचे दिवस बहुतेक वेळा रोप लावल्यापासून! टोमॅटोच्या ६५ दिवसांत वाफ्यावरचे २५-३० दिवस मिळवा, म्हणजे तीन महिने झाले. रब्बी कांद्याचं रोप वाफ्यावर सात-आठ आठवडे, लागणीनंतर आणखी ११०-१२० दिवस. साडेपाच महिने झाले की! कापसाइतकाच काळ. त्याला झटपट पीक म्हणणाऱ्याने एकदा रोप टाकून पाहावं.

दुसरी गोष्ट पाण्याची. अंकुशनगरला समर्थ कारखान्याच्या भोवती जायकवाडीच्या डाव्या कालव्याचं पाणी फिरतं. तिथे आडसाली उसाला दीड वर्ष लागलं तरी हरकत नसते, आणि भाजीही पाकिटाच्या हिशेबाने येते. आमच्या मुरमाड रानात पावसाने वीस दिवस ताण दिला की भेंडी खुरटते, फूल गळतं, ५० चे ६५ होतात. जिल्ह्यात वर्षाला साडेसहाशे-सातशे मिलिमीटर पाऊस, तोही जून ते सप्टेंबरातच. म्हणून दिवस उलटे मोजावेत. पाऊस सप्टेंबरअखेर संपला असं धरा आणि तिथून मागे या. कोरडवाहूत तेवढ्यात बसतील ती भेंडी, गवार, चवळी, दोडका, काकडी. आपल्या आयाबाया ज्वारीच्या पाट्यात वाळूक आणि अंबाडी टाकत, ते हाच हिशेब करून. त्यांना कुणी पाकीट दिलं नव्हतं.

भेंडीचं आपल्या जिल्ह्याशी नातं जुनं आहे. १९६० च्या सुमारास बद्रीनारायण बारवाले यांनी दिल्लीहून ‘पुसा सावनी’ भेंडीचं बी जालन्यात आणून वाढवलं, आणि १९६४ साली महिको उभी राहिली. जालना बियाण्याचं गाव झालं ते आधी भेंडीच्या जोरावर. कापसाचं नाव नंतर. पुढे सावनीला केवडा रोग गाठू लागला, तेव्हा परभणीच्या कृषी विद्यापीठाने ‘परभणी क्रांती’ दिली. तो सरळ वाण आहे, बी घरी धरता येतं. फक्त खायची भेंडी ५०-५५ दिवसांत निघते, बियाची शेंग झाडावर वाळू द्यायची तर तीन महिन्यांच्या वर थांबावं लागतं. तेवढी दहा झाडं बाजूला राखा, त्यांची एकही शेंग तोडू नका, आणि शेजाऱ्याची वेगळी भेंडी जवळ नको. संकरित बियाचं असं करायला जाल तर पुढच्या वर्षी शेतात भेसळ दिसेल.

भेंडी दिवसाआड तोडावी लागते. एक तोडा चुकला की शेंग जून झाली, बाजारात कुणी विचारत नाही. आणि हे काम नेमकं कापसाच्या खुरपणीत, घरच्या बाईच्याच माथी. तिला विचारल्याशिवाय घरमालकाने दहा गुंठ्यांचे बेत करू नयेत, असं आमचं स्पष्ट मत आहे. आणि सगळ्या गावाने एकाच आठवड्यात मेथी पेरली तर तिसाव्या दिवशी जुडी कवडीमोल होणार, हे सांगायला पंचांग लागत नाही.

पिकाला दिवस लागतात, सरकारला लागत नाहीत. डिसेंबर २०२३ मध्ये कांद्याची निर्यात बंद झाली, ती एका अधिसूचनेने. मे २०२४ मध्ये बंदी उठवली ती ४० टक्के शुल्क लावून, आणि शुल्क पूर्ण गेलं ते १ एप्रिल २०२५ ला. ज्याने साडेपाच महिने राबून कांदा काढला, त्याच्या हिशेबात हे दिवस कुणी धरले?

येत्या बैठकीला येताना एका कागदावर चार गोष्टी लिहून आणा: भाजी कोणती, बी कधी पडलं, पाऊस किती दिवस दडला, पहिला तोडा कधी झाला. पाकीट आणि पावतीही जपून ठेवा, पाकिटात चिमूटभर बी राहू द्या. उगवलं नाही तर तक्रारीला तेवढाच पुरावा असतो.