शब्दचर्चा : कळणे आणि ‘रिअलाइझ करणे’

परवा आमचा नातू म्हणाला, “आजोबा, मी रिअलाइझ केलं, चूक माझीच होती.” चूक कबूल केली याचा संतोष वाटला, वाक्य मात्र कानास खटकले. कळणे हे काय हातांनी करावयाचे काम आहे?

या इंग्रजी क्रियापदाचे मूळ लॅटिन ‘रेस’, म्हणजे वस्तू वा मालमत्ता. ज्यांनी लहानपणी ‘राः रायौ रायः’ घोकले असेल त्यांस सांगावयास हवे की, आपला धनवाचक ‘रै’ शब्द त्याचाच सगोत्र होय. मालमत्ता विकून रोकड करण्यासही इंग्रज हेच क्रियापद योजतो. मूळ अर्थ ‘प्रत्यक्षात आणणे’. एखादी गोष्ट मनास प्रत्यक्षवत् होणे, हा अर्थ मागाहून आला. गुरुदेव रानडे यांनी महाराष्ट्रातील संतांवरील आपल्या १९३३ च्या इंग्रजी ग्रंथात साक्षात्कारासाठी याच क्रियापदापासून झालेले नाम वापरले आहे, ते उगीच नव्हे.

म्हणजे नुसते ठाऊक असणे निराळे. आपणांस मरावयाचे आहे हे कोणास ठाऊक नसते? पण ते ‘कळून चुकते’ क्वचितच. माझ्या मते ‘कळून चुकणे’ हाच या शब्दाचा खरा मराठी जोडीदार. एकदा कळून चुकले की न कळलेपणाकडे परतता येत नाही.

भेद आहे तो कर्त्याचा. इंग्रजीत जाणणारा प्रथमेत मिरवतो. मराठीत कळलेली गोष्टच कर्ता होते आणि माणूस बिचारा चतुर्थीत, ‘मला’ होऊन, उभा राहतो.

हा भेद मी वर्गात वर्षानुवर्षे शिकविला. एकदा ‘माझे कुटुंब’ या इंग्रजी निबंधात एका मुलाने ‘वडील आता येणार नाहीत हे मला कळले’ असे लिहिताना ‘मला’चे शब्दशः ‘टू मी’ केले. मी लाल शाईने ते खोडले, वर ‘आय रिअलाइझ्ड’ लिहिले, अर्धा गुण कापला आणि पुढची वही उघडली.

पुढे महिन्याभराने येथल्या स्टेशनावर (गाव श्रीरामपूर, पण पाटीवर बेलापूर) तोच मुलगा चहाची किटली घेऊन गाडीची वाट पाहत असलेला दिसला. शाळेच्या वेळी येथे कसा, वडील कोठे आहेत, असे मी जरा दरडावूनच विचारले.

“सर,” तो म्हणाला, “वहीत लिहिलं होतं.”