'सुचविलेली' किंमत आणि विक्रेत्याचा 'ऑन'

अमेरिकेत विक्रीसाठी उभ्या असलेल्या प्रत्येक नव्या मोटारीच्या काचेवर एक छापील कागद चिकटविलेला असतो. ओक्लाहोमाचे सेनेटर माइक मनरोनी यांच्या पुढाकाराने १९५८ साली झालेल्या कायद्यान्वये तो सक्तीचा झाला. गाडीची किंमत, जादा साधनांची किंमत, वाहतूक खर्च हे सारे त्यावर छापलेले असते. फक्त ही किंमत कारखानदाराने 'सुचविलेली' असते, ती विक्रेत्यावर बंधनकारक नसते. या एका शब्दाच्या फटीतून जो व्यवहार चालतो, त्याचा विचार आपल्या कार्यकर्त्यांनी करावा, असे मला वाटते.

लहान पण वेगवान, तरुणांना भुरळ घालणाऱ्या गाड्यांच्या बाबतीत हा व्यवहार उघड्यावर येतो. होंडाची सिव्हिक टाइप आर ही गाडी २०१७ साली प्रथम अमेरिकेत विक्रीस आली. इंग्लंडमधील स्विंडनच्या कारखान्यात तयार होणाऱ्या या गाडीची सुचविलेली किंमत ३४ हजार डॉलरच्या आसपास होती. विक्रेते तिच्यावर दहा-दहा हजार डॉलर अधिक मागू लागले. पुढे जपानमध्ये बनलेली नवी आवृत्ती सुमारे ४३ हजारांना आली आणि टोयोटाची जीआर कोरोला सुमारे ३६ हजारांपासून पुढे. तीन सिलिंडरांचे इंजिन आणि तीनशे अश्वशक्ती! दोहोंच्या बाबतीत तोच प्रकार घडला. मूळ कागदाशेजारी विक्रेता स्वतःचा दुसरा कागद डकवतो आणि वाढीव रकमेला 'बाजार-समायोजन' असे भारदस्त नाव देतो. आपल्याकडे त्याला 'ऑन' म्हणत.

शौकीन लोकांनी शौकाच्या गाडीसाठी चार पैसे जास्त मोजले तर आपल्याला त्याचे काय, असा प्रश्न वाचकांच्या मनात येईल. येणे रास्तही आहे. परंतु शौकिनांच्या दारात सुरू झालेला हा व्यवहार तिथेच थांबला नाही. संगणक-चिपांची टंचाई निर्माण होताच जानेवारी २०२२ मध्ये अमेरिकेत नवी गाडी घेणाऱ्या शंभरांपैकी ब्याऐंशी ग्राहकांनी छापील किमतीहून अधिक पैसे दिले, असे एडमंड्स या संस्थेच्या पाहणीत आढळले. वर्षभरापूर्वी हे प्रमाण शेकडा तीनसुद्धा नव्हते. कामावर जाण्यासाठी गाडीवाचून ज्याचे चालत नाही, असा कामगारही त्यात आला.

मुक्त बाजारपेठेचे पुरस्कर्ते सांगतात की, मागणी जास्त, पुरवठा कमी, तेव्हा किंमत वाढणारच. वर्गात मीही तीस वर्षे हीच आकृती फळ्यावर काढली. पण त्या आकृतीत वाढलेली किंमत उत्पादकाला पोहोचते आणि तो उत्पादन वाढवतो, असे गृहीत धरलेले असते. येथे वाढलेले दहा हजार डॉलर गाडी जोडणाऱ्या कामगाराला मिळत नाहीत, इंजिन रचणाऱ्या अभियंत्याला मिळत नाहीत, कारखानदारालाही मिळत नाहीत. गाडी चार दिवस आपल्या अंगणात उभी करणारा ते खिशात घालतो. अर्थशास्त्राच्या भाषेत हा निव्वळ खंड आहे, नफासुद्धा नव्हे. आणि हा खंड मुक्त बाजारपेठेने दिलेला नाही, कायद्याने दिलेला आहे. अमेरिकेतील बहुतेक राज्यांत विक्रेते नेमलेल्या कारखानदाराला ग्राहकाला थेट गाडी विकता येत नाही. अनेक राज्यांत जुन्या विक्रेत्याच्या परिसरात त्याच कंपनीचा दुसरा विक्रेता आणणेही सोपे नाही.

आता आपल्याला अडचणीची गोष्ट. हे कायदे कोणी धनदांडग्यांनी कट करून केलेले नाहीत. १९२०-२१ च्या मंदीत हेन्री फोर्ड यांनी न खपलेल्या गाड्या विक्रेत्यांच्या गळ्यात मारल्या आणि बँकांकडून कर्ज काढून पैसे भरण्याची पाळी त्यांच्यावर आणली. अशा जुलमापासून लहान दुकानदाराचे रक्षण व्हावे, म्हणून पुढे राज्याराज्यांत कायदे झाले. १९५६ साली विक्रेत्याला कारखानदारावर संघीय न्यायालयात दावा लावण्याचा हक्क मिळाला. त्या काळी आपण तिथे असतो तर आपणही हात वर केला असता. पण तो लहान दुकानदार आता राहिला कुठे? शेकडो दुकानांच्या साखळ्या शेअर बाजारात नोंदलेल्या आहेत आणि दुबळ्यासाठी विणलेले कवच त्यांच्या अंगावर आहे. संरक्षण देताना ते कोणाला आणि कुठवर, याची फेरतपासणी करण्याची सवय डाव्या चळवळीनेही लावून घेतलेली नाही.

कारखानदारही सोवळा नाही. विक्रेत्याने अमुक किमतीहून जास्त घेऊ नये, अशी अट घालणे १९६८ च्या एका निकालापासून बेकायदेशीरच धरले जाई. १९९७ साली स्टेट ऑईल विरुद्ध खान या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ती सरसकट बंदी उठवली. तरी 'आम्ही काय करणार, विक्रेते स्वतंत्र आहेत' हे पालुपद चालूच आहे. फोर्डच्या प्रमुखांनी २०२२ मध्ये जादा किंमत घेणाऱ्यांचा गाड्यांचा वाटा कमी करण्याची तंबी दिली. म्हणजे मनात आणले तर हत्यार हाताशी आहे. संघीय व्यापार आयोगाने फसव्या किमती आणि निरुपयोगी जोडवस्तूंविरुद्ध डिसेंबर २०२३ मध्ये नियम केला, तो विक्रेत्यांच्या संघटनांनी न्यायालयात नेला आणि जानेवारी २०२५ मध्ये प्रक्रियेतील त्रुटीवरून रद्द झाला.

मग किंमत बांधून दिली की प्रश्न सुटतो काय? आमच्या पिढीला तसे म्हणता येणार नाही. माझ्या वडिलांनी स्कूटरसाठी नाव नोंदविले तेव्हा मी शाळेत होतो. ती हाती आली तेव्हा एम.ए.च्या वर्गात होतो. किंमत नियंत्रित होती, प्रतीक्षायादी होती, आणि दुकानाच्या पायरीवरच एक गृहस्थ वडिलांच्या कित्येक महिन्यांच्या पगाराएवढी रक्कम घेऊन उभे होते. वडील शिक्षक; त्यांनी नकार दिला. आईने तो नकार कधी पूर्ण क्षमा केला नाही, आणि घरातील देणी आठवली की तिचेही चुकले असे मला म्हणवत नाही. १९८३ च्या डिसेंबरात मारुती रस्त्यावर आली, तेव्हाही नोंदणीक्रमांकांचा असाच व्यापार झाला. किंमत बांधली आणि उत्पादन परवान्यात अडकवून ठेवले की खंड नाहीसा होत नाही, त्याचा धनी बदलतो.

जपानमध्ये टोयोटाने २०२२ च्या अखेरीस जीआर कोरोलाच्या मोजक्या गाड्या सोडत काढून विकल्या. सोडतीत पैसेवाल्याचे नाव दोनदा येत नाही, हा तिचा गुण. सोडतीत मिळालेली गाडी दुसऱ्या दिवशी चढ्या भावाने विकता येते, ही तिची मर्यादा. म्हणून काही काळ पुनर्विक्रीस बंदी हवी आणि यादी सर्वांना पाहता येईल अशी हवी.

आपल्या शहरांतील शोरूममध्ये 'ऑन' हा शब्द आता क्वचित ऐकू येतो. त्याऐवजी लवकर गाडी हवी असेल तर विमा आमच्याकडूनच घ्या, अमुक हजारांच्या ॲक्सेसरीज घ्या, असे सांगितले जाते. नोंदणीच्या पावतीवर प्रतीक्षाक्रमांक छापलेला असावा, यादी दुकानात टांगलेली असावी, आणि विमा वा ॲक्सेसरीज नाकारणाऱ्याचा क्रमांक मागे सारल्यास विक्रेत्याला दंड व्हावा, एवढी मागणी ग्राहक संघटनांनी आणि आपल्या शाखांनी परिवहन खात्याकडे करावयास हरकत नाही.