पट्ट्यांचे छंदशास्त्र

मंचरसारख्या गावात महाविद्यालयाच्या वार्षिक अंकाचे मुखपृष्ठ करायचे ठरले की मुले महाजालावरून सूर्यास्ताचे एखादे चित्र उतरवून घेतात. त्यात त्यांचे स्वतःचे काहीच नसते. त्यापेक्षा त्यांनी साधे पट्टे काढावेत, आणि तेही मराठीच्या तासाला, असे आम्ही सुचवू इच्छितो.

कृती सोपी आहे. फोटोशॉप किंवा मोफत मिळणारे गिम्प घ्यावे. एक लहानसा आयत करून त्यात उभे पट्टे रंगवावेत, तो आयत नक्षी म्हणून साठवावा आणि तिने मोठे पान भरावे. संगणक तोच तुकडा शेजारी शेजारी मांडत जातो. जोडाचे मात्र भान हवे. प्रत्येक पट्ट्यानंतर मोकळी जागा सोडली असेल, तर तुकड्याच्या आरंभी ती सोडू नये. एरवी जोडावर ती दुप्पट दिसते.

आता पट्ट्यांची रुंदी अभंगाकडून घेऊ. मोठ्या अभंगाची रूढ घडण ६, ६, ६, ४ अक्षरांची. यमक दुसऱ्या व तिसऱ्या चरणांत. एका अक्षराला ४ बिंदू धरले, तर पट्टे २४, २४, २४ आणि १६ बिंदूंचे होतील. प्रत्येकामागे ४ बिंदूंची जागा सोडली की तुकडा १०४ बिंदूंचा झाला. मधल्या दोन पट्ट्यांना एकच रंग द्यावा, उरलेल्या दोहोंना वेगवेगळे. वहीत पाठ केलेली व्याख्या डोळ्यांसमोर उभी राहते. अखेरच्या आखूड पट्ट्यापाशी नजर जराशी थबकते. गाताना थबकावे तशीच.

यावर आक्षेप येईल की कविता म्हणजे काही अक्षरांची मोजदाद नव्हे. आक्षेप रास्त आहे, आणि त्याचे उत्तर ज्ञानेश्वरी (शके १२१२) देते. तिच्या ओवीत पहिले तीन चरण यमकाने बांधलेले, चौथा आखूड व मोकळा. पण अक्षरसंख्या ठरलेली नाही. म्हणून ओवीचा एकच तुकडा करून पानभर पसरता येत नाही. प्रत्येक ओवी नव्याने मोजावी लागते, पट्टे हाताने कमीअधिक रुंद करावे लागतात. यंत्राची पुनरावृत्ती जिथे अपुरी पडते, तिथेच ओवीचा मोकळेपणा विद्यार्थ्याला कळतो. तो व्याख्यानाने कळत नाही, असा आमचा अनुभव आहे.

मंचरहून नाशिकच्या वाटेवर जुन्नर तालुक्यात आळे लागते. ज्ञानदेवांनी ज्याच्या मुखी वेद वदविले त्या रेड्याची समाधी तेथे दाखवितात. या परिसरातील मुलांना ती कथा ठाऊक असते. ओवी मात्र केवळ परीक्षेपुरती. तिचे पट्टे एकदा स्वहस्ते आखले, तर निदान तिचा श्वास कोठे संपतो एवढे तरी त्यांच्या ध्यानी राहील. मुखपृष्ठ त्यांचे स्वतःचे होईल, हा लाभ वेगळाच.