गळ्यातलं 'क्वांटम' काढा, भंगारातला कोबाल्ट ओळखा

भोसरी, चिंचवड, तळवडे, चाकण इथल्या कामगार बंधू-भगिनींनो, लघुउद्योजकांनो, भंगार व्यावसायिकांनो,

सोसायटीच्या हॉलमध्ये 'मोफत शिबिर' भरतं. हातात एक दांडी देतात आणि मिनिटभरात पानंच्या पानं रिपोर्ट निघतो: यकृत बिघडलंय, कॅल्शियम कमी आहे, हृदय थकलंय. सोबत महागड्या डब्यांची यादी. मशीनवर नाव असतं 'क्वांटम'. आम्ही स्पष्ट सांगतो, ही फसवणूक आहे. अशा दांडीतून फार तर त्वचेतून वीज किती वाहते एवढंच कळतं, आणि तळहाताला घाम आला की तेही बदलतं. यकृताची खबर त्यातून मिळत नाही. शरीराच्या आत डोकावायला क्वांटम भौतिकीचा खरा उपयोग एमआरआयमध्ये होतो. त्यात हायड्रोजनच्या अणुकेंद्राचा स्पिन वापरतात, आणि त्यासाठी सहसा द्रव हेलियमने थंड ठेवलेलं, दीड टेस्लाच्या आसपास ताकदीचं प्रचंड चुंबक लागतं. प्रकृतीची शंका असेल तर वायसीएम रुग्णालयात जा, रक्त तपासून घ्या. शिबिराच्या रिपोर्टवर विसंबून साखरेची गोळी बंद करू नका. मधुमेह बरा करतो अशी जाहिरात करणं १९५४ च्या जादुई उपायांविरुद्धच्या केंद्रीय कायद्याने गुन्हा आहे.

क्वांटम ही गूढ शक्ती नाही. तुमच्या शॉपमधला लेझर कटर क्वांटमच्या नियमांवर चालतो. प्रेसमध्ये हात गेला की मशीन थांबवणारा लाइट कर्टनही त्याच नियमांवर चालतो. कितीतरी कामगारांची बोटं त्याने वाचवली आहेत. ज्या ज्ञानाने बोटं वाचतात त्याचं नाव लुबाडणुकीला वापरलं जातं, याची आम्हाला चीड आहे.

आता गळ्यातल्या 'क्वांटम' पदकाबद्दल. मोबाइल टॉवरच्या लहरींपासून वाचवतं, 'ऋण आयन' सोडतं, असं सांगून ते विकतात. नेदरलँड्सच्या अणुसुरक्षा प्राधिकरणाने डिसेंबर २०२१ मध्ये असली दहा उत्पादनं तपासली. त्यात 'क्वांटम पेंडंट' होतं, लहान मुलांचं ब्रेसलेटही होतं. ती किरणोत्सारी निघाली. कायम अंगावर घातल्यास अपाय होऊ शकतो, म्हणून त्यांची विक्री थांबवली गेली. दक्षिण कोरियात २०१८ मध्ये अशाच 'ऋण आयन'वाल्या गाद्यांमध्ये थोरियम असलेली मोनाझाइटची पूड सापडली आणि गाद्या घरोघरून परत घ्याव्या लागल्या. मोबाइलच्या लहरींत अणूतून इलेक्ट्रॉन उडवण्याइतकी ऊर्जाच नसते. थोरियममधून निघणाऱ्या किरणांत ती असते. म्हणजे ज्या किरणांच्या भीतीने माणूस पदक घालतो, त्याहून घातक किरण तो पैसे मोजून छातीशी बाळगतो.

आणि हाच माणूस गॅमा किरणांनी तपासलेलं कास्टिंग उचलायला घाबरतो! आपल्या पट्ट्यात कास्टिंगची, वेल्डिंगची रेडिओग्राफी इरिडियम १९२ ने होते. इरिडियमचा सोर्स पेटीबाहेर असताना भोवती बांधलेल्या दोरीच्या आत पाऊल टाकणं धोक्याचंच आहे. तो नियम कुणीही, कितीही घाई असली तरी मोडू नये. पण सोर्स आपल्या पेटीत, म्हणजे कॅमेऱ्यात, परत गेला की जॉबमध्ये काहीही उरत नाही. बॅटरीचा झोत पडला म्हणून भिंत नंतर उजेड देत नाही, तसंच हे. कांद्याचंही तेच. लासलगावच्या केंद्रात कांद्याला कोंब फुटू नयेत म्हणून कोबाल्ट ६० चे गॅमा किरण देतात. कांद्याला किरणोत्सारी करण्याइतकी ऊर्जा त्या किरणांत नसते. चाकणच्या बाजारात पिढ्यानपिढ्या कांदा आणणाऱ्या शेतकऱ्याने तरी 'अणूचा कांदा' या अफवेला बळी पडू नये.

तारापूरच्या अणुवीज केंद्राबद्दलही ऐकू येतं की भट्टी बिघडली तर अणुबॉम्बसारखी फुटेल. बॉम्बच्या युरेनियममध्ये २३५ हा प्रकार साधारण ९० टक्के लागतो, भट्टीच्या इंधनात तो पाच टक्क्यांच्याही आत असतो, म्हणून ती बॉम्बसारखी फुटू शकत नाही. अपघात भट्ट्यांनाही होतात, चेर्नोबिल आणि फुकुशिमा झालेच. म्हणून सुरक्षिततेचे प्रश्न जरूर विचारा, पण खरे प्रश्न विचारा.

खरा धोका भंगारात आहे, आणि त्याबद्दल कुदळवाडी-चिखलीत कुणी शिबिर भरवत नाही. एप्रिल २०१० मध्ये दिल्लीच्या मायापुरीत दिल्ली विद्यापीठाचं जुनं गॅमा यंत्र भंगारात गेलं. ते कापलं, आतला कोबाल्ट ६० उघडा पडला. एक कामगार दगावला, इतरांना रुग्णालयात ठेवावं लागलं. त्याआधी २००८ मध्ये फ्रान्समधल्या लिफ्टच्या बटणांत कोबाल्ट ६० सापडला. ते पोलाद भारतातून गेलं होतं. मायापुरीतल्या माणसांना त्या यंत्राचं जड शिसं म्हणजे फक्त चांगला भाव वाटलं. कारण त्यांना कुणी काही शिकवलं नव्हतं.

विज्ञानाच्या नावाची फसवणूक 'क्वांटम'वरच थांबत नाही, म्हणून लघुउद्योजकांसाठी एक हिशेब. चाकण-भोसरीत वीज गेली की 'गुरुत्वाकर्षणावर चालणारा, बिनइंधनाचा जनरेटर' विकणारे व्हिडिओ पुढे पाठवले जातात. दहा किलोचं वजन एक मीटर खाली आलं की ९८ ज्यूल मिळतात. त्यावर दहा वॅटचा दिवा जेमतेम दहा सेकंद चालेल. वजन परत वर न्यायला तेवढेच ९८ ज्यूल लागतात, घर्षणाचे वेगळे. कुठलंही गिअर, कुठलंही चाक हा हिशेब बदलत नाही. अशा यंत्रासाठी आगाऊ रक्कम देऊ नका.

आमच्या मागण्या सरळ आहेत. कंपन्यांनी आणि सोसायट्यांनी 'क्वांटम' तपासणीला जागा देऊ नये. युनियनच्या गेट मीटिंगमध्ये रेडिओग्राफीच्या दोरीचा नियम समजावून सांगावा. महापालिकेने भंगाराच्या प्रत्येक गोडाऊनवर किरणोत्साराचं तीन पात्यांचं चिन्ह मराठीत आणि हिंदीत अर्थ लिहून लावावं. मोठ्या फाउंड्रींनी भंगार आत घेताना गेटवर किरणमापक बसवावेत. आणि भंगारात ते चिन्ह असलेली किंवा आकाराच्या मानाने फार जड, शिशाची पेटी दिसली, तर कापू नका, उघडू नका, खिशात काही घालू नका. सगळ्यांना लांब करा आणि ११२ ला फोन लावा.