वाढपी पुष्कळ, हेलपाटे घालणारे थोडे

भुकेल्याला जेवू घालायला माणसं मिळत नाहीत, अशी तक्रार महाराष्ट्रात तरी कुणी करू नये. आषाढी वारीच्या वाटेवर वारकरी नको नको म्हणेपर्यंत त्याच्या हातात पोहे आणि केळी पडत राहतात. दत्तजयंतीला, हनुमान जयंतीला, पितृपक्षात, नगरसेवक होऊ पाहणाऱ्याच्या वाढदिवसाला पातेली चढतात. हे चांगलंच आहे. (नगरसेवक होऊ पाहणाऱ्याच्या बाबतीतही. हेतू काहीही असो, भात खरा असतो.) पण मंडळं, सोसायट्या, कॉलेजातली एनएसएसची पथकं आणि निवृत्तांचे कट्टे अन्नासाठी म्हणून जो वेळ देतात, त्यातला निम्मा त्यांनी पातेल्याजवळून काढून रेशनच्या खिडकीपाशी न्यावा, असं माझं म्हणणं आहे. का, ते मांडते.

१. अन्नदानाचं पंचांग देणाऱ्याच्या सोयीचं असतं. सणाच्या दिवशी मोठ्या रुग्णालयाबाहेर बसलेल्या नातेवाइकाच्या हातात तीन-तीन पाकिटं येतात. पुढच्या मंगळवारी त्याच फुटपाथवर त्याला कुणी विचारत नाही. भुकेचं पंचांग वेगळं आहे. शहरात ती महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात येते, आणि पावसाची झड लागून मजूर नाक्यावर काम मिळेनासं झालं की येते. जव्हार-मोखाड्यात आणि मेळघाटात आषाढ ते भाद्रपद हे दिवस कठीण. मागचं धान्य संपलेलं, नवं शेतात उभं, ओढ्यांना पाणी. रायगडच्या कातकऱ्यांची वीटभट्टीवरची उचल तोवर कधीच खर्च झालेली असते. या महिन्यांत आपल्याकडे वाढदिवस कमी येतात असं नाही, पण गाडी घेऊन तिथवर जाणं अवघड असतं.

सरकारलाही सणांचा मोह सुटत नाही. २०२२ च्या दिवाळीत १०० रुपयांत ‘आनंदाचा शिधा’ आला: रवा, चणाडाळ, साखर आणि पामतेल. लोकांनी रांगा लावून घेतला, घ्यायलाच हवा होता. पण ज्या घराला दिवाळीचा रवा असा मिळवावा लागतो, त्या घरात कार्तिक आणि मार्गशीर्षात काय शिजतं, हे बघायला कुणी रांगेपाशी थांबलं नाही.

२. हक्काचं धान्य मिळवून देणं हे काम परदेशातून आलेलं नाही, ते इथलं आणि जुनं आहे. १८७६–७७ च्या दुष्काळात जोतीराव फुल्यांनी आणि सत्यशोधक समाजाने धनकवडीला उपाशी मुलांसाठी बालाश्रम चालवला, हे पुष्कळांना ठाऊक असतं. त्याच काळात, २० एप्रिल १८७७ रोजी, सावित्रीबाईंनी ओतूरहून जोतीरावांना पत्र लिहिलं. त्यात अन्नवाटपापेक्षा दुसराच प्रसंग लक्षात राहतो. सावकारांशी झालेल्या झगड्यात काम करणाऱ्या सत्यशोधकांनाच धरलं गेलं. सावित्रीबाई कलेक्टरसमोर गेल्या, चांगल्या माणसांवर आळ का, असं त्यांनी विचारलं, माणसं सोडवली आणि वर चार गाड्या ज्वारीही मिळवली. सावित्रीबाईंच्या चित्रात आपण पुस्तक आणि दगड-शेण झेलणारं लुगडं दाखवतो. कलेक्टरच्या कचेरीत उभी राहिलेली बाई मात्र कुठल्या मंडळाच्या देखाव्यात मी पाहिलेली नाही.

पुढे १८९६–९७ चा दुष्काळ आला. इंग्रज सरकारची दुष्काळ संहिता तेव्हा कागदावर होती. कोणत्या परिस्थितीत सारा तहकूब करायचा, कामं केव्हा काढायची, हे त्यात लिहिलेलं होतं, पण शेतकऱ्याला त्याचा पत्ताच नव्हता. टिळकांच्या गटाच्या हाती असलेल्या पुण्याच्या सार्वजनिक सभेने आपली माणसं खेड्यांत पाठवली. त्यांनी संहितेतल्या तरतुदी मराठीत छापून वाटल्या, सभा घेतल्या, हे तुमचं आहे ते मागा, असं सांगितलं. सरकार एवढं बिथरलं की १८९७ मध्ये त्याने सभेची मान्यताच काढून घेतली. सभेने भाकरी वाटल्या असत्या तर तिचे आभार मानले गेले असते. त्या वर्षी पत्रकं घेऊन बांधावर गेलेली ती पोरं म्हणजे आज मला हवे असलेले स्वयंसेवक.

१९७२ च्या दुष्काळातही माणसांनी अन्नछत्र मागितलं नाही, काम मागितलं. खडी फोडली, सुकडी खाल्ली, मिलो ज्वारी नाक मुरडून खाल्ली. त्या मागणीतून रोजगार हमीचा कायदा १९७७ मध्ये झाला. मुंबईत मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर आणि त्यांच्याबरोबरच्या बायका लाटणी घेऊन रस्त्यावर आल्या, त्याही महागाईचा जाब विचारायला.

३. आता हिशेब. २०१३ च्या राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्याप्रमाणे प्राधान्य कुटुंबातल्या माणशी महिन्याला ५ किलो धान्य मिळतं, अंत्योदय कुटुंबाला ३५ किलो. जानेवारी २०२३ पासून ते फुकट आहे. महाराष्ट्रात सुमारे ७ कोटी माणसं या कायद्याखाली येतात. पाच माणसांच्या घराचं बंद पडलेलं धान्य चालू करून दिलं, तर त्या घरात महिन्याला २५ आणि वर्षाला ३०० किलो धान्य जातं. शंभर माणसांच्या खिचडीला दहाएक किलो तांदूळ लागतो. म्हणजे एका कुटुंबाचं काम पुरं केलं तर वर्षभरात अशा तीस पंगतींचं धान्य त्या एका घरात पोचतं, वर्गणी न काढता. नुसत्या तांदूळ-गव्हाने पोषण होत नाही हे कबूल. पण धान्याचे पैसे वाचले की डाळ, तेल आणि भाजी घेता येते.

४. मग अडतं कुठे? सगळा मामला इथे आहे, म्हणून जरा थांबून सांगते.

लग्न होऊन आलेल्या सुनेचं नाव रेशनकार्डावर चढवायला माहेरच्या कार्डातून नाव कमी केल्याचा दाखला लागतो. माहेर लातूरला, सासर भोसरीला. तो दाखला आणायचा म्हणजे दोन दिवसांची मजुरी आणि एसटीचं भाडं. नवऱ्याने टाकलेल्या बाईचं नाव त्याच्याच कार्डावर राहतं आणि तिच्या वाटणीचं धान्य तो उचलतो. मूल जन्मतं, शाळेत जायला लागतं, तरी कार्डावर येत नाही. ज्या बाईने वीस वर्षं भांडी घासली, तिच्या बोटाच्या रेषा रेशन दुकानातल्या मशीनला दिसत नाहीत. ‘अंगठा लागत नाही’ म्हणून तिला परत पाठवतात. अशा कारणाने धान्य नाकारू नये, असं केंद्राच्या अन्न खात्याने ऑक्टोबर २०१७ मध्ये राज्यांना कळवलेलं आहे. ते पत्र तिच्या हातात कोण देणार?

ऊसतोडीला बीडहून सांगली-कोल्हापूरकडे आलेलं कुटुंब नियमाप्रमाणे आपलं धान्य तिथल्या कोणत्याही रेशन दुकानात घेऊ शकतं. पण ‘तुमचा कोटा इथं येत नाही’ असं ऐकून ते कोप्यांवर परत जातं. आणि सगळ्यात वर ‘इष्टांक’, म्हणजे लाभार्थ्यांचा ठरवून दिलेला कोटा. तो अजून २०११ च्या जनगणनेवर ठरतो. अर्ज बरोबर, कागद बरोबर, तरी ‘इष्टांक संपला’ हे उत्तर मिळतं. उत्पन्नाची मर्यादा शहरात वर्षाला ५९,००० रुपये आणि खेड्यात ४४,००० रुपये. शहरातल्या आकड्याला बाराने भागा. तीन घरची धुणीभांडी करणारी बाई खरं उत्पन्न सांगून या यादीत कशी बसणार?

यातली प्रत्येक गाठ सुटायला हेलपाटे लागतात, आणि हेलपाटा म्हणजे बुडालेला रोज. एका हेलपाट्यात क्वचितच काम होतं. साहेब मीटिंगला असतात, सर्व्हर बंद असतो, झेरॉक्सवर सही राहिलेली असते. पाच दिवसांचा आठवडा २९ फेब्रुवारी २०२० पासून आल्याने राज्य सरकारची कार्यालयं शनिवारीही बंद. म्हणजे शनिवार-रविवारी समाजसेवा करणाऱ्या नोकरदाराचा इथे फारसा उपयोग नाही. उपयोग आहे तो निवृत्त शिक्षकांचा, बँकेतून बाहेर पडलेल्या कारकुनांचा, दुपार मोकळी असणाऱ्या गृहिणींचा आणि कॉलेजच्या पोरांचा. बँकेतला निवृत्त माणूस तर या कामासाठीच घडवलेला असतो. त्याला फॉर्मची भीती वाटत नाही आणि ‘पोच द्या’ म्हणायची लाज वाटत नाही.

पोच हा शब्द पुन्हा सांगते. तोंडी विनंतीला वजन नसतं. तारीख आणि शिक्का असलेल्या अर्जाला पुढच्या वेळी दुसऱ्याच सुरात उत्तर मिळतं. त्यानंतर तक्रारीसाठी १९६७ हा क्रमांक आहे, जिल्ह्याला तक्रार निवारण अधिकारी आहे, वर राज्य अन्न आयोग आहे. या पायऱ्या कायद्यानेच बांधल्या आहेत, पण चढायला माणूस लागतो.

५. ‘आज ज्याच्या पोटात काही नाही त्याला तुम्ही फॉर्म देणार का?’ हा आक्षेप योग्य आहे आणि त्याचं उत्तर नाही असंच आहे. रुग्णालयाबाहेरचे नातेवाईक, फुटपाथवर झोपणारी माणसं, कार्ड-पत्ता काहीच नसलेले, यांना शिजलेलं अन्नच हवं. २०२० च्या टाळेबंदीत गावी पायी निघालेल्या माणसांना हमरस्त्यांवर ज्यांनी जेवू घातलं, त्यांच्यापुढे कायद्याच्या गप्पा मारण्याची माझी छाती नाही. माझं म्हणणं एवढंच की ते काम सणाचं राहू नये, रोजचं व्हावं. नांदेडच्या हुजूर साहिबचा लंगर रोज चालतो. शेगावला सेवेकरी पाळ्या लावून येतात आणि नेमून दिलेलं काम करतात, मग ते भांडी घासणं का असेना. ठरलेली जागा, ठरलेली वेळ, ठरलेली माणसं. लग्नातलं उरलेलं अन्न नेणार असाल तर त्यालाही २०१९ पासून अन्नसुरक्षा प्राधिकरणाचे नियम आहेत. रात्री अकराचा मसालेभात मे महिन्यात सकाळी वाटणं हे पुण्य नव्हे.

आणि जवळपास शिवभोजन केंद्र असेल तर त्याच्यावर लक्ष ठेवा. दोन चपात्या, भाजी, वरण आणि भात, १० रुपयांत. २६ जानेवारी २०२० ला सुरू झालेली ही योजना. ते केंद्र बंद पडू नये म्हणून पाठपुरावा करणं हे वेगळी चूल मांडण्यापेक्षा स्वस्त पडतं.

६. जेवू घालताना फोटो काढू नका. कागदपत्रं जमवतानाही लोकांच्या आधार कार्डांचे फोटो व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू नका.

७. मेळघाटात किंवा मोखाड्यात बिस्किटांचे खोके घेऊन जाणाऱ्या गाड्यांविषयी. आदिवासी भागात २०१५ मध्ये सुरू झालेल्या अमृत आहार योजनेत गरोदर आणि स्तनदा मातांना अंगणवाडीत रोज एक चौरस जेवण आणि लहान मुलांना अंडी किंवा केळी देण्याची तरतूद आहे. पाड्यावर पैसे कधी पोचले, अंड्याचा बाजारभाव आणि सरकारी दर यांत किती फरक पडला, सेविकेने दुकानदाराची उधारी किती ओढली, हे शहरातल्या गटाने दर महिन्याला विचारलं तर त्याचा उपयोग बिस्किटांपेक्षा फार जास्त आहे. एका दिवसाच्या बिस्किटाने मुलाचं वजन वाढत नाही. उलट पोट भरल्यासारखं होतं आणि ते मूल अंगणवाडीतलं जेवण टाकतं.

८. रेशन दुकानदाराला खलनायक ठरवून कामाला लागू नका. काही जण माप मारतात, हे खरं. पण पुष्कळांना गोदामातून पोतंच कमी येतं, मशीन रेंज धरत नाही आणि शिव्या मात्र त्यांना खाव्या लागतात. कायद्याने दुकानाच्या पातळीवरही दक्षता समिती असायला हवी आणि सामाजिक अंकेक्षणही व्हायला हवं. तुमच्या वॉर्डातली समिती कुणाची, तिची शेवटची बैठक केव्हा झाली, हे लेखी विचारा. बहुतेक ठिकाणी या एका प्रश्नाने धावपळ सुरू होते.

९. सुरुवात कशी करायची ते सांगून थांबते. गणेशोत्सवाची वाट पाहू नका. एक वस्ती, एक दुकान, पाच-सहा माणसं. पहिल्या महिन्यात धान्य वाटपाच्या दिवसांत आळीपाळीने दुकानाबाहेर बसायचं आणि कोण रिकाम्या पिशवीने परत जातं एवढंच वहीत लिहायचं: नाव, कार्डाचा बारा अंकी नंबर, परत पाठवण्याचं कारण. दुसऱ्या महिन्यात त्या कारणांचे ढीग करायचे. अंगठा, नाव नाही, इष्टांक, दुसरीकडचं कार्ड. प्रत्येक ढिगाचे अर्ज एका दिवशी घेऊन शिधावाटप कार्यालयात जायचं, गावात असाल तर तहसीलच्या पुरवठा शाखेत, आणि प्रत्येक अर्जाची पोच घ्यायची. तिसऱ्या महिन्यात दुकानातून निघालेली मशीनची पावती बघायची. पावतीवर २५ किलो आणि पिशवीत २२ असतील तर त्याच दिवशी, त्या बाईच्या बरोबर, तिची तयारी असेल तरच, तक्रार लिहायची.