फूटपट्टीचा लंबक

पालकहो, लंबकाची रीडिंग्ज दुसऱ्याच्या जर्नलमधून उतरवणं आता थांबवूया. लालबाग-परळच्या चाळीत प्रयोगशाळा नसेल, पण गॅलरीत एखादा खिळा असतोच. ३० सेंमीची पट्टी टोकाच्या भोकातून त्यावर अडकवा, हलका झोका द्या आणि मोबाईलवर दहा दोलनं मोजा, जाऊन-येऊन एक. साध्या लंबकाचं सूत्र सांगतं ११ सेकंद, पट्टीला लागतात साधारण ९!

मुलं म्हणतील, "सर, चुकलं." चुकलेलं नाही. पट्टीचं वस्तुमान टोकाशी नसून लांबीभर पसरलंय, म्हणून सूत्रात लांबीच्या २/३ धरायचं, ३० च्या जागी २०. वीस सेंमी दोऱ्याला दगड बांधून शेजारी सोडा, दोन्ही जवळपास बरोबरीनं झुलतील.

तो ९ खोडून ११ लिहिणाऱ्या मुलाला आपण पूर्ण मार्क देतो. मीही दिलेत.