शस्त्रक्रिया आणि वजनाचा हिशेब

अलीकडे आमच्याकडे येणाऱ्या पत्रांत एक प्रश्न वारंवार दिसूं लागला आहे. घरांतील एखाद्या मुलीची, सुनेची किंवा कर्त्या पुरुषाची लठ्ठपणावरील जठराची शस्त्रक्रिया झालेली असते; सात-आठ महिने लोटलेले असतात; वजन वीस-बावीस किलोंनीं उतरलेलें असतें; आणि तरीहि घरचीं माणसें हिरमुसलेलीं असतात. एवढा खर्च केला, पोटाला छेद दिला, आणि अजून ही जाडच दिसते, तर शस्त्रक्रिया फसली कीं काय, असा पत्रांचा सूर असतो. आमच्या मतें अशा बहुतेक घरांत दोष शस्त्रक्रियेचा नसून आधीं धरलेल्या अपेक्षेचा असतो.

हिशेब नीट मांडून पाहूं. पांच फूट दोन इंच उंचीची, शंभर किलो वजनाची एक स्त्री घ्या. किलोंतील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गानें भागलें म्हणजे जो आंकडा येतो त्यास शरीरभारांक म्हणतात. या स्त्रीचा तो ४० च्या आसपास येतो. तो २५ असावा असें धरलें, तर तिचें वजन ६२ किलो भरावें. म्हणजे ३८ किलो वजन जादा झालें. शस्त्रवैद्य पुष्कळदां बोलतात ते या जादा वजनाच्या टक्केवारींत. 'साठ-पासष्ट टक्के वजन जाईल' हें वाक्य कानीं पडतांच घरच्यांच्या डोळ्यांपुढें एक सडपातळ मूर्ति उभी राहते. वस्तुतः अडतिसाचे पासष्ट टक्के म्हणजे जेमतेम पंचवीस किलो. वर्षअखेरीस ती ७५ किलोंची होईल, तिचा भारांक ३० राहील, आणि लग्नकार्यांत भेटणाऱ्या आत्याबाईंना ती स्थूलच दिसेल. वैद्यकाच्या दृष्टीनें मात्र हें चांगलें यश होय.

सध्यां दोन शस्त्रक्रिया विशेष प्रचारांत आहेत. 'स्लीव्ह' नांवाच्या शस्त्रक्रियेंत जठराचा सुमारें पाऊण ते चार-पंचमांश भाग काढून टाकून बाकीच्याची अरुंद नळी करतात. 'बायपास'मध्यें जठराच्या वरच्या टोंकाशीं लहानशी पिशवी करून ती लहान आंतड्याच्या पुढील भागास जोडतात. या दुसरीचें मूळ १९६६ सालीं अमेरिकेंतील आयोवा विद्यापीठांत एडवर्ड मेसन यांनीं केलेल्या प्रयोगांत आहे. व्रणासाठीं जठराचा मोठा भाग काढलेल्या रोग्यांचें वजन वाढत नाहीं, हें त्यांच्या ध्यानांत आलें होतें. अमेरिकेंतील अनेक रुग्णालयांच्या नोंदी एकत्र करून २०१८ सालीं एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांत बायपासनंतर एका वर्षानें मूळ वजनाच्या सरासरी ३१ टक्के, तर स्लीव्हनंतर २५ टक्के घट आढळली. पांच वर्षांनीं हेच आंकडे अनुक्रमें सुमारें २६ आणि १९ झाले.

या शेवटच्या आंकड्यांकडे वाचकांनीं विशेष लक्ष द्यावें. आपल्या उदाहरणांतील स्त्रीनें स्लीव्ह करविली असेल, तर पांच वर्षांनीं तिचें वजन ७५ नव्हे, ८१ किलोंच्या आसपास असण्याचा संभव अधिक. कांहींसें वजन परत येणें हा बहुतेकांचा अनुभव आहे. वजन उतरलें कीं शरीर आपला खर्च आंखडतें आणि भुकेचा जोर वाढवितें. शस्त्रक्रिया या ओढीस पुष्कळ आळा घालते, पण ती नाहींशी करीत नाहीं. तेव्हां पांच-सहा किलो परत आले म्हणून सुनेच्या जिभेस बोल लावणें अन्यायाचें आहे. वाढ सतत चालूच राहिली तर मात्र वैद्याकडे जावें; आतां त्यावर औषधेंहि निघालीं आहेत.

मग एवढ्या खटाटोपाचा लाभ काय? स्वीडनमध्यें १९८७ सालीं एक दीर्घ अभ्यास सुरू झाला. शस्त्रक्रिया झालेल्या २०१० लोकांची तुलना नेहमींचे उपचार घेणाऱ्या २०३७ लोकांशीं करण्यांत आली. शस्त्रक्रिया त्या काळच्या, म्हणजे आजच्याहून पुष्कळशा निराळ्या. तरी वीस वर्षांनीं पहिल्या गटाची सरासरी घट १८ टक्के होती, दुसऱ्याची अवघी १ टक्का. पहिल्या गटांत मृत्यूहि कमी झाले. मधुमेह असलेल्यांपैकीं ७२ टक्क्यांचा मधुमेह दोन वर्षांनीं मावळलेला आढळला. दहा वर्षांनीं मात्र हें प्रमाण ३६ वर आलें. येथेंहि लाभ मोठा आहे, पण कायमचा असें कोणीं समजूं नये.

वजन उतरण्याची रीतहि सरळ नसते. पहिल्या पंधरवड्यांत झपाट्यानें उतार पडतो, त्यांत पाण्याचा वांटा मोठा असतो. पुढें तिसऱ्या-चौथ्या आठवड्याच्या सुमारास कांटा अकस्मात् थांबतो आणि कित्येक दिवस हलत नाहीं. या वेळीं घरांत जी कुजबुज सुरू होते तिनें रोग्याचें मन जितकें खचतें, तितकें शस्त्रक्रियेच्या दुःखानेंहि खचत नसेल. आठवड्यांतून एकदां वजन करावें आणि तें दिवाणखान्यांत जाहीर करूं नये.

आपल्या घरांतून आणखी एक अडचण असते, ती आग्रहाची. 'एवढ्यानें काय होतें, अर्धी पुरणपोळी तरी घे' हें प्रेमानेंच म्हटलें जातें. परंतु बायपास झालेल्या माणसाला गोड अंगावर येऊन घाम, धडधड व घेरी यांचा त्रास होऊं शकतो. उलट जें अवश्य पाहिजे तें ताटांत कमी पडतें. अशा माणसाला दिवसाकांठीं साधारण ६० ते ८० ग्रॅम प्रथिनें लागतात. आणि ३० ग्रॅम कोरड्या डाळींत तीं सातच्या आसपास असतात. पातळ आमटीची वाटी पिऊन तेवढ्याच पोट भरतें, प्रथिनें मिळत नाहींत. म्हणून शाकाहारी घरांत पनीर, घट्ट वरण, दहीं, उसळ यांना भाताच्या आधीं स्थान द्यावें. ब-१२, लोह, चुना आणि ड जीवनसत्त्व यांच्या गोळ्या जन्मभर घ्याव्या लागतात. ब-१२ तर शाकाहाऱ्यांत आधींच तुटपुंजें असतें.

मुलीच्या लग्नाची तिथि धरून शस्त्रक्रिया उरकणाऱ्या पालकांस आमचें स्पष्ट सांगणें आहे कीं, पुढील बारा ते अठरा महिने गर्भधारणा टाळण्याचा वैद्यांचा सल्ला असतो. ही गोष्ट सासरीं आधीं कळविली नाहीं तर तिचा जाच मुलीलाच होतो. तिसऱ्या महिन्यापासून केसहि गळूं लागतात. बहुधा ते पुन्हां येतात. दंडांची व पोटाची कातडी सैल पडते ती व्यायामानें फारशी आवळत नाहीं. तिच्यासाठीं वेगळी शस्त्रक्रिया करावी लागते, आणि तीहि वजन स्थिरावल्यावर, म्हणजे साधारणपणें दीड वर्षानंतर करतात.